अमावास्या पाळणारा भूकंप

हिर्डोशी गावच्या आलेखानं अशी उडी घेतली की इंद्रजित साहेबांचा चहा निवून गेला. जमिनीच्या बारीक धक्क्यांचं नेहमीचं प्रमाण बदललंय का, हे गणितानं ओळखायचं, हेच त्या पुण्याच्या कचेरीचं काम. सुप्रियानं गणित पुन्हा करून पाहिलं. उत्तर तेच. बदल होता, आणि योगायोग म्हणून सोडून द्यावा इतका लहान नव्हता.

"तिथलं धक्के टिपणारं यंत्र कुणाच्या घरी आहे?" साहेबांनी विचारलं.

"माझ्या आईच्या, सर."

ते तिनंच मागच्या खोलीत बसवलं होतं. दुरुस्तीच्या निमित्तानं घरी जाता येईल, हा मतलब. पण मेलं यंत्र कधी बिघडलंच नाही. यंत्राला छपरावर डिश होती, आईच्या मोबाईलला रेंज नव्हती. आईची आठवण आली की सुप्रिया हिर्डोशीचा आलेख उघडून बसायची.

कचेरीची जीप दारात थांबताच गाव काय समजायचं ते समजलं. चुलतभाऊ बंडूनं टीव्ही उचलून खळ्यात नेऊन मांडला. शेजारच्या साळूबाईनं कोंबड्यांसकट अंथरूण अंगणात घेतलं. साहेब ओट्यावर लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले.

"सगळे धक्के सकाळचे. आणि अमावास्येला एकही नाही. भूकंप अमावास्या पाळतो?"

"देवाचं काम हाय, सायेब," बंडू म्हणाला आणि टीव्ही आणखी लांब नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पडद्यावर धक्का उमटला. गाव रस्त्यावर आलं. मागच्या खोलीत सुप्रियाची आई सोजराबाई मात्र शांतपणे उखळात भात कांडत होती.

सुप्रिया आत धावली, मागोमाग साहेब आणि चार माणसं. तिनं मुसळ धरलं. "आई, गावात गिरणी असताना कांडतीस कशाला?"

"गेल्या खेपंला तूच म्हनली व्हतीस, हितं पाय आपटला तरी तुला पुण्यात दिसतंय. म्हनलं, रोज कळवावं, आई बरी हाय."

"आणि अमावास्येला?"

"अवसंला मुसळ न्हाई उचलत आपन." सोजराबाई सुपाकडं बघत म्हणाली, "त्या दिशी म्या वाट बगायची. काई दिसलं न्हाई, म्हंजी काळजीनं येईल पोर."

एवढी माणसं उभी असताना सुप्रियाला रडू आलं. साहेबांनी घसा खाकरला.

"यंत्र हलवावं लागेल."

"नको, सर. ओळखीचा आवाज आलेखातून वजा करता येतो. मी रोज करीन."

ती करूही लागली. खऱ्या धक्क्यांचं प्रमाण होतं तसंच निघालं आणि बंडूचा टीव्ही घरात आला. पुढच्या अमावास्येला मात्र वजा करायला काहीच नव्हतं.

"सर, हिर्डोशीत बदल दिसतोय," सुप्रिया म्हणाली.

साहेबांनी आलेखाकडं न बघताच तिच्या रजेच्या अर्जावर सही केली.