बीळशास्त्राचा तास

एका जंगलात, बाळांनो, एक कॉलेज होतं. दात काय काढताय? होतं म्हणतोय ना! तिथे काटेबाई नावाची सायाळ बीळ खणायला शिकवायची. बिचारी जीव तोडून शिकवायची. पण तीन वर्षांत एकाही पोराने मूठभर माती उकरली नव्हती.

एक दिवस प्राचार्य अस्वलसाहेबांनी बाईंना बोलावलं.

"शनिवारी समिती येतेय. मुलांनी एक तरी बीळ खणून दाखवलं पाहिजे. नाहीतर तुमचा विषय बंद."

 बिळाशिवाय बाईंना दुसरं काही येत नव्हतं, आणि आवडतही नव्हतं.

त्या वर्गात गेल्या. "पोरांनो, बीळ म्हणजे थंडीत ऊब, उन्हात गारवा!"

"मॅडम, हे परीक्षेला आहे का?" सशाने विचारलं.

"आहे की!"

"किती मार्कांना?"

"दहा."

"मग ऑप्शनला टाकू," मुंगूस म्हणाला, आणि अख्खा वर्ग जांभळं खायला निघून गेला.

बाई भडकल्या. दुसऱ्या दिवशी पोरं आत येताच त्यांनी दाराला धोंडा लावला आणि फळ्यावर बिळाची आकृती काढायला घेतली. वळून बघतात तर काय, वर्ग रिकामा! मागच्या बाकाखाली बीळ. अहाहा, काय बीळ! मधे वळण, वर हवेला भोक, आणि दुसरं तोंड थेट जांभळीखाली. बाईंना रडूच फुटलं. आनंदाने हो!

तशाच पळत त्या प्राचार्यांना सांगायला गेल्या. इथेच बाईंनी माती खाल्ली.

प्राचार्यांनी ते बीळ विनापरवाना म्हणून बुजवलं आणि नोटीस लावली: 'शनिवारी समितीसमोर पळून जाण्याचे बीळ खणणे. सक्तीचे. वीस गुण. जर्नलवर सही आवश्यक.'

शनिवारी समिती आली. वर्ग हाताची घडी घालून बसलेला.

"खणा ना रे सोन्यांनो," बाई काकुळतीला आल्या.

"मॅडम, डिक्टेट करा ना," ससा म्हणाला.

समितीने शेरा मारला: 'विद्यार्थ्यांत खणण्याची आवड नाही.' विषय बंद झाला. बाईंना हजेरी मांडायच्या कामावर बसवलं. आणि कॉलेजभर पाट्या लागल्या: 'येथे खणण्यास सक्त मनाई.'

सोमवारी प्राचार्यांचं ऑफिस खुर्चीसकट बिळात गेलं. वर्गात एकही पोर नव्हतं. काटेबाईंनी डोळे पुसले आणि सगळ्यांना हजर मांडलं.

तात्पर्य: मुलांना एखादी गोष्ट यायलाच हवी असेल, तर ती अभ्यासक्रमातून ताबडतोब काढून टाकावी. आणि तरीही चुकून आधीच आली, तर वरिष्ठांना कळवू नये.