मामाच्या छातीतले आबा

आमचा सदूमामा शिंकला की सदऱ्याची वरची गुंडी काढतो, मान आत घालतो आणि स्वतःच्याच छातीवर ओरडतो, "आबा, निजला काय? पावणी हाय ती, सोडा तिला!"

डोकं फिरलेलं नाही. मामाला मांजराची अॅलर्जी आहे. मामी गेल्यावर तिची म्हातारी मांजर, चिंगी, लेकीने सोमाटण्याला नेली. तेव्हापासून मामा मळवलीहून एवढा जातो आणि चहा फाटकाबाहेर उभ्याने पितो. "मला लेकीच्या घरात बसायचंय," म्हणून सत्तरीत गड्याने लोणावळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडे इंजेक्शनं सुरू केली.

बाईंनी समजावलं, मांजराचाच अंश बारीक बारीक डोसाने अंगात सोडायचा. मग आत नियामक पेशी तयार होतात आणि उगाच चवताळणाऱ्या पेशींना आवरतात. मामाने माझ्याकडे पाहिलं. विज्ञान शाखेचा म्हणून मला सोबत नेलं होतं. मी जाणकारासारखी मान हलवली. डोक्यात काही हललं नाही.

"म्हंजी लग्नातलं आबा!" मामाच ओरडला. "वरबाप रुसला, पोरं हातघाईवर आली, की आबा मधी पडत्यात. 'आरं, पावणं हायेत, बसा खाली!'"

"अगदी तसंच," बाई म्हणाल्या. तिथेच चुकलं.

कारण मामाने मानपान काढला. सोयरीक जुळायची तर केळवण नको? त्याने शेजारचा बोका पाटावर बसवला. भोवती रांगोळी, पुढ्यात सुकट-भात. ओवाळताना मामा असा शिंकला की निरांजन विझलं, बोका माळ्यावर गेला आणि मामाचे डोळे टोमॅटोसारखे झाले.

बाई कडाडल्या, "आबांना घाई करू नका! डोस मी ठरवते."

"व्हय, व्हय. वय झालंय त्यांचं," मामा ओशाळला.

बरीच इंजेक्शनं झाली, आणि अखेर बाईंनी परवानगी दिली. मामा लेकीच्या दिवाणावर बसला. मी रुमाल घेऊन उभा, माझी बायको गोळी घेऊन. चिंगी सरळ त्याच्या मांडीवर चढली. मामाचं नाक हुळहुळलं, वळवळलं... आणि एक बारकी शिंक. बस्स! लेक नाचलीच. सगळे शिरा करायला आत पळाले.

बशी घेऊन मी बाहेर आलो तर मामा चिंगीच्या कानाशी वाकला होता.

"गोठ्यात तुज्याशी लय बोलायची ती. मी आपला लांब, शिंकत." त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "माज्याबद्दल काय म्हनायची गं?"

चिंगीने डोळे मिटले. मामा तसाच वाकून थांबला, उत्तरासाठी.