दस्तगीरभाईंचं लाटणं

दस्तगीरभाई माणसाचा चेहरा विसरतात, पाठ विसरत नाहीत. रस्त्यात समोरून नमस्कार केला तर ते हसतात, पण नाव काही आठवत नाही. आपण पुढं निघून गेलो की मागून हाक येते, "मास्तर, डावा खांदा अजून वरच हाय की तुमचा."

सांगलीत हळदीच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गाद्यांचं दुकान आहे. मी तिथं पहिल्यांदा गेलो तो कडक गादी घ्यायला. वाकून वह्या तपासणं आणि रोज स्कूटरवरून मिरजेची शाळा गाठणं, यात माझी कंबर धरली होती. मोजे घालायला बायको लागायची.

दस्तगीरभाईंनी गादी दाखवलीच नाही. "दारापतूर चालत जावा," म्हणाले. गेलो. "आता या." आलो.

"गादीनं काय व्हणार न्हाई. कंबर उगं बदनाम हाय, तुमचं बूड आखडलंय."

दुकानात दोन बायका उशा बघत होत्या. त्याही माझ्याकडं मागून बघू लागल्या.

मग त्यांनी कपाटामागून एक वस्तू काढली. प्लास्टिकच्या पाइपला जाड फोम गुंडाळून वरून रेक्झिन शिवलेलं, हातभर लांब. भाचीच्या मोबाइलवर त्यांनी कुणा परदेशी पैलवानाला असल्या वस्तूवर लोळताना पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बनवून टाकली. बाजारात तिला फोम रोलर म्हणतात. दस्तगीरभाई लाटणं म्हणतात.

त्यांनी मला तिथंच सतरंजीवर आडवं करून त्या लाटण्यावर सावकाश मागंपुढं सरकायला लावलं. मग एका मोज्यात दोन टेनिसचे चेंडू घालून गाठ मारली आणि ते पाठीखाली सरकवले. "मणक्यावर न्हाई, दोन्ही बाजूला. मणका म्हंजे घरमालक. त्याला तरास द्यायचा न्हाई." दुखऱ्या जागी चेंडू आला तसा मी श्वास रोखला. "सोडा की. कुणासाठी धरून ठिवलाय?"

तीन आठवड्यांनी मी माझे मोजे माझ्या हातानं घातले. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानात काम नसतानाही जाऊन बसतो.

प्रत्येकाचं लाटणं ते टेपनं खांदे मोजून बनवतात आणि देण्याआधी आठ दिवस स्वतः त्यावर लोळून बघतात. खिशात कायम एक रबरी चेंडू. लग्नात अक्षता पडेपर्यंत हे मंगल कार्यालयाच्या भिंतीला पाठ लावून, मधे चेंडू धरून, खालीवर होत असतात. एकदा नवरीच्या मामांनी काळजीनं विचारलं, काही चावलं का. दहा मिनिटांनी मामाही शेजारी उभे राहून खालीवर होत होते.

या माणसापुढं मी खरा नतमस्तक झालो तो एका शनिवारी. शिराळ्याहून एक निवृत्त सुभेदार लाटणं न्यायला आले. भाईंनी त्यांना नेहमीसारखं चालायला लावलं. परत येताना त्यांची उजवी चप्पल मधेच राहिली आणि सुभेदार तसेच चालत आले. त्यांना पत्ताच नव्हता.

"पायात मुंग्या येत्यात का?"

"येत हुत्या. आता कायच कळंना. बरंच झालं म्हणायचं."

भाईंनी लाटणं परत कपाटात ठेवलं. "आवं सुभेदार, ह्ये माझं काम न्हाई. दवाखान्यात चला."

"बरफात ऱ्हायलोय मी गड्या. एवढ्यानं काय हुतंय?"

भाईंनी ऐन बाजाराच्या वेळी शटर ओढलं, रिक्षा थांबवली, सुभेदारांना मधे घेऊन आम्ही दोघं बसलो. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मणक्यातली नस दबली होती; दोन दिवस उशीर झाला असता तर पाय गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. कुठल्या डॉक्टरांनी पाठवलं, असंही त्यांनी विचारलं. भाई तेव्हा बाकावर बसून डॉक्टरांच्याच चालीकडं बघत होते.

महिन्याभरानं सुभेदारांनी भाईंसाठी शेतातल्या गुळाची ढेप माझ्याकडं पाठवली. दुकान बंद होतं, म्हणून मी ती घेऊन मागच्या गल्लीत भाईंच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांच्या घरी जात होतो.

भाईंच्या पत्नी, शमीमचाची, खाटेवर कुशीवर झोपल्या होत्या. तीस वर्षं त्यांनी ओणवं बसून गाद्यांना टाके घातले. आता पाठीला बाक आला होता आणि हाडं इतकी ठिसूळ, की पाठीवर जोर द्यायला डॉक्टरांची सक्त मनाई. भाई खाटेशेजारी बसून कापसाचा एक चेंडू त्यांच्या पाठीवरून फिरवत होते. चादरीला सुरकुतीसुद्धा पडत नव्हती.

"जरा दाबा की," चाची म्हणाल्या.

"दाबतोयच. अजून किती दाबू?"

मला बघून भाई उठले आणि चहा टाकायला आत गेले. चाचींनी मला जवळ बोलावलं.

"त्ये दाबत न्हाईत, मास्तर. भित्यात. मला कळतंय सगळं."

आत कपबशा वाजल्या. चाचींनी मान थोडी वर केली आणि आवाज चढवला,

"आवं, आज लय जोर लावला तुमी. मोकळं वाटतंय बघा."