मुख्य धातूचा रकाना

तंजावूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शांभवीने चार वर्षं खपून एक मिश्रधातू तयार केला. अॅल्युमिनियम, कोबाल्ट, क्रोमियम, लोखंड आणि निकेल, पाचही सारख्या वाट्याने. ओरत्तनाडूकडे भातकापणी यंत्रांची पाती रेताड चिखलात एका हंगामात बोथट होतात. हिच्या मिश्रधातूचा तुकडा महिनाभर घासूनही जेमतेम झिजला. आता चाचणीचं प्रमाणपत्र तेवढं हवं होतं. त्यावाचून पदवी नव्हती, आणि मुदत महिनाअखेरीस संपत होती.

प्रमाणपत्र देणारे सूर्यनारायण राजवाड्यामागे तिच्याच गल्लीत राहत. गल्लीत ते मामा होते, कचेरीत सर.

"चौथा रकाना रिकामा कसा?" तिचं फारम हातात घेऊन त्यांनी विचारलं. "मुख्य धातू कोण ते मज सांग."

"मुख्य कोणीच नाही, सर. पाचही सारखे."

"मग झीज झाली तर जाब कुणास विचारायचा?"

"झीज होतच नाही म्हटलं तरी चालेल, सर. घासलं की पाचही मिळून वर पातळ थर धरतात."

"थर कुणाचा?"

"सगळ्यांचा."

सूर्यनारायणांनी चष्मा काढला. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही, हे तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या अंगी मुरलं होतं.

तरी माणूस भला. त्यांनी समिती नेमली. पहिल्या बैठकीत लोखंडाला प्रभारी मुख्य केलं. दुसरीत निकेलच्या ज्येष्ठतेवर हरकत आली. तिसरीत ठराव झाला: लोखंडाचा वाटा सत्तर टक्के करावा, इतर धातूंनी सहकार्य करावे.

शांभवीला रडू आलं. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी; तिने नवा तुकडा ओतला. तो दोन तासांत झिजला. चौथ्या रकान्यात लोखंड आलं, सातव्यात झिजेचा भरघोस आकडा आला.

"आता बघ, फारम कसं भरलेलं दिसतं!" म्हणत सूर्यनारायणांनी शिक्का मारला.

घरी येऊन तिने प्रमाणपत्र आईपुढे टाकलं. "सारख्यांत मुख्य कोण, असं कुणी विचारतं का गे?"

"वेडे की काय ते!" आई, अलमेलु, म्हणाली. ती शाळेत शिकवते, नवऱ्याइतकंच कमावते. समोर रेशनकार्डाचा फॉर्म होता. बोलता बोलता तिने 'कुटुंबप्रमुख' या रकान्यात नवऱ्याचं नाव लिहिलं, नामदेव. शांभवीने वडिलांचा आधार क्रमांक वाचून दाखवला.

असा फॉर्म तुमच्याही घरी भरला असेल. त्या रकान्यापाशी तुमचं पेन किती वेळ थांबलं होतं?