एका नावाचं मस्टर

आमच्या शाळेतले वरिष्ठ लिपिक साळवे रोज संध्याकाळी सहाला, स्वतःच्या घरी, स्वतःच्या मस्टरवर सही करतात आणि कोऱ्या कागदासमोर बसतात. सातला दुसरी सही करून उठतात. कागद कोराच असतो. हे तीन वर्षं चाललं आहे. माणूस विक्षिप्त आहे असं सगळी शाळा म्हणते, मीही म्हणत आलो. पण तो कागद कोरा राहतो तो माझ्यामुळे. साळव्यांनी आपल्या आईचं बोलणं लिहून माझ्याकडे तपासायला दिलं होतं. मी ते 'शुद्ध' केलं, मूळ कागद रद्दीत घातले आणि त्यांनी मागितल्यावर "शोधतो" म्हणालो. एवढं आधी सांगून टाकतो, नाहीतर पुढं जे लिहीन त्यात मी गमत्या आणि भला वाटेन.

आमची शाळा गारखेड्यात. मी मराठी शिकवतो. शिक्षकांचं मस्टर साळव्यांच्या ताब्यात. साडेदहाची घंटा झाली की ते पाच मिनिटं थांबतात, मग लाल पेन उघडतात. एकदा मुख्याध्यापिकाबाईंनाच लेटमार्क दिला. बाई रागावल्या तेव्हा शांतपणे म्हणाले, "मॅडम, घड्याळाला पद नसतंय."

घरचं मस्टरही तसंच, छापील, लांबोडं. औरंगपुऱ्यातून आणलेलं. दुकानदारानं विचारलं होतं, "किती कर्मचारी?"

"एक."

"मग वही घ्या की, भाऊ."

"वहीत माणूस खोटं लिहितो. मस्टरमंदी नाय लिहीत."

त्या मस्टरवर एकच नाव. मुखपृष्ठावर शहराचं जुनं नाव एका रेघेनं खोडून वर नवं लिहिलंय आणि खाडाखोडीबद्दल शेजारी आद्याक्षरी. बोलताना साळवे असे बोलीत बोलतात, पण कागदावर त्यांच्यात सरकार संचारतं. ते स्वतःकडे रजेचे अर्जही करतात. एक अर्ज त्यांनी स्टाफरूममध्ये दाखवला होता. 'महोदय, आज डोके चालत नसल्याने मला एक दिवसाची किरकोळ रजा मिळावी, ही विनंती. आपला विश्वासू, साळवे.' खाली लाल शाईत: 'डोके चालत नसणे हे रजेचे कारण होऊ शकत नाही. नामंजूर. साळवे.'

आम्ही पोट धरून हसलो. चित्रकलेचे सर म्हणाले, "मग अपील करायचं ना, साळवे."

"केलं व्हतं. ते बी माझ्याकडंच आलं."

रोज सकाळी चित्रकलेचे सर त्यांना विचारायचे, "काय साळवे, काल काय लिहिलं?"

"तारीख," साळवे म्हणायचे. आणि मग, कुणी विचारलं नसताना, "लिहिणं आपल्या हातात नाय, सर. बसणं हाय."

हसणाऱ्यांत माझा आवाज सगळ्यात मोठा असायचा. कारण उघड आहे.

साळव्यांची आई भागाबाई. तरुणपणी वेरूळला लेण्यांच्या आवारात गवत कापायला रोजानं जायची. साळवे तिच्या पाठीवर असायचे. म्हातारपणी तिला जुनं आठवू लागलं, तशी साळव्यांनी तिच्याजवळ बसून ती बोलेल ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. कागद म्हणजे शाळेतल्या शिल्लक प्रश्नपत्रिकांचे पाठकोरे. पुढच्या बाजूला 'खालीलपैकी कोणत्याही तीन प्रश्नांची उत्तरे लिहा', मागे आई. दीड वर्षात असे साठ-सत्तर पाठकोरे भरले. ते घेऊन ते माझ्याकडे आले.

"जय भीम, सर. आईचं हाय. तिला वाचून दाखवायचंय. तिनं आजवर पुस्तकात दुसऱ्याचंच ऐकलंय. एकदा सोताचं ऐकावं, एवढीच इच्छा हाय. तेवढ्या काना-मात्रा बघता का?"

काना-मात्रा बघायला सांगितलं होतं. मी महिनाभर खपलो. एक नमुना देतो. भागाबाई दुपारी दगडी हत्तीच्या आडोशाला भाकरी खायला बसायची. तिनं सांगितलं होतं, "दगडाच्या हत्तीची सावली बी गार लागती. माणसाच्या सावलीला मातर बसू देत नव्हते." मी केलं: 'पाषाणाच्या हत्तीची छायादेखील शीतल भासे, मनुष्याच्या छायेत मात्र आम्हांस आश्रय नव्हता.' हे वाक्य जमलं म्हणून मी त्या दिवशी दुसऱ्यांदा चहा घेतला होता.

मी स्वतः वैजापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. माझी आई भागाबाईसारखंच बोलायची. शहरात शिकायला आलो तेव्हा वर्गात हसले मला, मग ती बोली मी अंगावरून धुऊन काढली. साळव्यांवर आपण उपकार करतोय असंच मला वाटत होतं.

टाईप केलेली स्वच्छ प्रत त्यांना दिली. दिवाळीच्या आवराआवरीत ते पाठकोरे कपाटात सापडले. मला दिसले होते, ओळखलेही होते. शुद्ध प्रत झाली आहे, आता या प्रश्नपत्रिका कशाला, असं म्हणून मी ते गठ्ठ्यात घातले आणि गठ्ठा रद्दीवाल्याला दिला.

आठवड्यानं साळवे आले. दारातच उभे राहिले.

"सर, लई मेहनत घेतली तुमी. पर आईला वाचून दाखवलं, तर ती म्हनली, ही कोन बाई बोलायली? मी म्हनलं, आई, तूच हाय. म्हनली, मी नाय रे बाबा. ही कुनी शिकल्याली दिसती." ते ओशाळून हसले. "ते जुने कागद असतील ना?"

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी म्हणालो, "असतील. शोधतो."

भागाबाई तेव्हा चांगली बोलत होती. कागद गेले असं कळलं असतं तर साळव्यांनी दुसऱ्या दिवशीपासून पुन्हा उतरवून घेतलं असतं. पण सर शोधताहेत म्हणून ते थांबले. दोन महिन्यांनी तिला अर्धांगवायू झाला. ऐकू येतं, कळतं, बोलणं गेलं.

मग मस्टर आलं. आठवून लिहायचं ठरवलं त्यांनी. जमेना. एकदा डबा खाताना मला म्हणाले, "बसलो की तुमचंच वाक्य येतंय, सर. लई गुळगुळीत हाय ते. त्याच्यावरून आईचं घसरून पडतंय." हे त्यांनी तक्रार म्हणून सांगितलं नाही. मी भाजी वाढू का विचारलं.

मागच्या महिन्यात साळव्यांना ताप आला. दोन दिवस शाळेत नव्हते, म्हणून बाईंनी मला कपाटाची किल्ली आणायला पाठवलं. मी पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. साळवे कानटोपी घालून टेबलाशी बसलेले. समोर ताजा अर्ज: 'अंगात ताप असल्याने रजा मिळावी.' खाली लाल शाईत: 'ताप अंगात आहे, खुर्चीत नाही. नामंजूर.'

"बसा सर. आईला पेज पाजतो आन् किल्ली देतो," म्हणून ते आत गेले.

मी चाळा म्हणून मस्टर उघडलं. तारीख, येण्याची वेळ, सही, जाण्याची वेळ, सही. शेवटचा रकाना शेऱ्याचा. शाळेत तिथं 'उशिरा' किंवा 'रजा' असं असतं. इथं लिहिलं होतं, 'सर शोधत आहेत.'

मी पान मागं उलटलं. 'सर शोधत आहेत.' आणखी मागं गेलो. परीक्षेच्या दिवसांत: 'सर पेपर तपासण्यात व्यस्त. नंतर शोधतील.' मे महिन्यात: 'सर गावी गेले आहेत.' माझी मुलगी सासरी गेली त्या आठवड्यात: 'सरांचे मन ठिकाणावर नाही. आठवण करू नये.' तीन वर्षं, एकही दिवस न चुकता. स्वतःला एका दिवसाची रजा न देणाऱ्या माणसानं माझी प्रत्येक रजा मंजूर केली होती, मी न मागता.

साळवे वाटी घेऊन बाहेर आले. मी उभा राहिलो.

"साळवे, कागद नाहीत. रद्दीत गेले. चुकून नाही. मला दिसले होते."

त्यांनी विचारलं, "कवा?"

"तुम्ही मागायला आलात त्याच्या आठवडाभर आधी."

"म्हंजे मी दारात आलो तवा..."

"नव्हतेच."

त्यांनी वाटी टेबलावर ठेवली. खुर्चीत बसले. कानटोपी काढली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"तवा बोलत व्हती ती," एवढंच म्हणाले. मग मान वर केली. "मला कामून सांगायलात, सर? बोलणं तिचं व्हतं. तिला सांगा."

आत भागाबाई खाटेवर उशीला टेकून होती. ओठाच्या कडेला पेज लागलेली. माझ्याकडे तिनं नीट बघितलं. तीन वर्षांत मी मनातल्या मनात माफीचे किती मसुदे केले होते. 'अनवधानाने', 'दिलगीर', 'क्षमस्व'. "आई, माझ्या हातून अनवधानानं..." असं सुरू केलं आणि थांबलो, कारण तिच्या कपाळावर आठी पडली. हा कोण माणूस बोलतोय, असं तिला वाटलं असावं.

मी खाटेजवळ खाली बसलो. माझ्या आईशी शेवटचं ज्या बोलीत बोललो होतो, ती आठवावी लागली.

"आई," मी म्हणालो, "तुमचं बोलणं म्या रद्दीत घातलं. म्हाईत असून घातलं. आन् तुमच्या लेकाला खोटं सांगत ऱ्हायलो. लई चुकलं माझं. माफ करा."