शकूताईंची मालगाडी

आमच्या जुळे सोलापुरातल्या कॉलनीत शकूताईंसमोर ‘नको’ आणि ‘नाही’ म्हणायची चोरी आहे. दूधवाला म्हणाला, “उद्या दूध न्हाय, ताई,” की त्या त्याला फाटकातच अडवणार. “परवा दूध येईल, असं म्हण की!” बिचारा तसं म्हणतो, आणि परवापर्यंत आम्ही कोरा चहा पितो.

पोरगं सायकल शिकत असलं की आम्ही ओरडतो, “पडू नकोस!” शकूताई गच्चीवरून गर्जतात, “घट्ट धर!” आणि मग आमच्याकडे वळून, “अगं, ‘पडू नकोस’ म्हटलं की मनाला ‘पड’ तेवढंच ऐकू येतं!”

शकूताई भूलतज्ज्ञ. इंजेक्शनची भूल देतातच, जोडीला शब्दांचीही देतात. संमोहन शिकून आल्यापासून ऑपरेशनच्या टेबलावर थरथरणाऱ्या माणसाशी त्या अशा काही बोलतात, की त्याच्या आवळलेल्या मुठी आपोआप सुटतात. कॉलनीतल्या बायका मात्र बिचकून असतात. “त्यांच्या डोळ्यांत बघू नका, पाटल्या काढून द्याल!” शकूताईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या खो खो हसल्या. “तसं जमलं असतं तर आधी आपल्या वॉचमनला जागं ठेवलं असतं की!”

मीही हसले होते. मग माझ्या लेकीचे, मुक्ताचे दिवस भरत आले.

मुक्ताचं पहिलं बाळ जन्मतानाच गेलं होतं. दवाखान्याचं नाव काढलं तरी तिचे हात गार पडायचे. घरी एकट्याच असणाऱ्या शकूताई रोज संध्याकाळी येऊन तिच्याजवळ बसायला लागल्या.

“डोळे मीट. तुला लई बरं वाटतं अशा जागी जाऊ. कुठं जायचं?”

मला वाटलं, महाबळेश्वर म्हणेल. म्हणाली, “होटगी स्टेशन.” माझा भाऊ तिथं रेल्वेत होता. सुट्टीत मामाकडे गेली की ही फलाटावर बसून गाड्या बघायची.

“चला होटगीला!” शकूताई म्हणाल्या, जशी काही रिक्षा दारात उभी आहे.

कळा सुरू झाल्या, आम्ही दवाखाना गाठला. मी सवयीनं म्हणाले, “घाबरू नकोस गं,” आणि शकूताईंनी मला नुसत्या नजरेनं भिंतीला टेकवलं. एरवी गल्ली दणाणून सोडणारा त्यांचा आवाज सायीसारखा मऊ झाला होता.

“लांबून मालगाडी येतेय बघ. येऊ दे. मोठी आहे... धडधडू दे. तू फलाटावर निवांत बसलीयस. आला, शेवटचा डबा आला... गेली. आता रूळ मोकळे.”

पुन्हा कळ, पुन्हा मालगाडी. मुक्ता कण्हत होती, घामानं भिजली होती, पण मागच्या खेपेची ती भेदरलेली नजर कुठं दिसली नाही. दुपारी बाळ रडलं. खणखणीत. मुलगी झाली.

बाहेर व्हरांड्यात शकूताई खुर्चीत टेकल्या होत्या. उजवं मनगट सुजलेलं, त्यावर नखांच्या लाल खुणा. मुक्तानं तोच हात सकाळपासून धरून ठेवला होता.

“ताई, बर्फ आणते.”

“राहू दे.” त्या मनगटाकडे बघत होत्या. “असं घट्ट धरणारं माणूस गेलं गं माझं. राहू दे दोन दिवस.”

मी शेजारची खुर्ची ओढली आणि त्यांचा दुसरा हात हातात घेतला.