काशीवयनीचा उरलेला बोंबील

साल २०२३. मी त्र्याहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंत, पण होडीचा तांडेल होतो, खलाशी माझ्या शब्दावर चालायचे. मला शिकवायला गावात कुणी येत नाही. येते ती एकच, शेजारची काशीवयनी. ती बोंबलांची लग्नं लावते.

आमच्याकडे ओले बोंबील सुकवायचे तर दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी दोरीवर टाकतात. एकटा टिकत नाही, वाऱ्याने खाली पडतो. हे सगळेच करतात. वयनी मात्र स्थळं बघून करते. "ही लांबडी, हिला ह्यो बुटका नको. भांडतील." एकदा मी तिच्या दोरीवर घाईने एक जोडी टाकली, तर म्हणाली, "भावजी, डोळं फुटलं व्हय? काय बघून दिलीत पोरगी?" कावळा उतरला की काठी उगारायची, "आला मेला, बिनबोलावता जेवायला!"

एवढं करून तिचा रोज एक उरायचाच. त्याला शेपटीला धरून संध्याकाळी माझ्या अंगणात हजर. "भावजी, एक बिनलग्नाचा ऱ्हायलाय. तुमच्याकडं स्थळ हाय का?"

"न्हाय," मी म्हणायचो.

मग ती बसायची. स्थळ सापडेपर्यंत चहा, आणि साऱ्या आळीची उणीदुणी. पूर्वी ती दारोदार फिरायची. आता घरोघरी पर्यटकांच्या खोल्या झाल्या, अंगणात झोपाळे आले, दोऱ्या गेल्या. राहिल्या तिच्या आणि माझ्या.

त्यात माझा पोरगा म्हणाला, "बाबा, पाव्हण्यांना वास येतो. उद्या दोऱ्यांचे बांबू काढतो, गाड्या लावायला जागा होईल."

"काढ," म्हटलं. कंबर वाकत नाही, बोंबील सुकत टाकणं आता होत नाही, हे त्याला कशाला सांगू?

दुपारी कुंपणावरून वयनीला सांगितलं. ती पाटीकडे वळली आणि जोड्या लावायला लागली. मी कुंपणाआडच थांबलो. तिची पाटी रिकामी झाली, शेवटची जोडी दोरीवर चढली. एकही उरला नाही. वयनीने इकडेतिकडे पाहिलं, एक चांगली जुळलेली जोडी सोडवली, त्यातला एक मांजरापुढे टाकला, आणि दुसऱ्याला शेपटीला धरून माझ्या अंगणाकडे निघाली.

मी घाईने जाऊन ओट्यावर बसलो.

"भावजी, एक ऱ्हायलाय," ती म्हणाली. "आजच्याला बघा. उद्यापासून ह्याला घेऊन जाऊ कुठं?"

स्थळ शोधायला मी त्या दिवशी फार वेळ लावला. चहा दोनदा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा कोयता घेऊन आला, तेव्हा मी बांबूला पाठ लावून बसलो होतो. "गाड्या रस्त्यावर लाव," म्हटलं. तो बडबडत गेला. मग मी बंदरावर जाऊन पाटीभर ओले बोंबील आणले, त्यातला एक धडधाकट निवडला, शेपटीला धरला आणि वयनीच्या दारात उभा राहिलो.

"वयनी, आमचा पण एक ऱ्हायलाय. स्थळ निवांत बघ. आधी चहा ठेव."